उन्हाने उडत नाही ते

नागपुरात मे महिन्यात कशाचीही पातळी खाली गेली की आळ उन्हावर येतो, आणि बहुतेक वेळा तो खराच असतो. रात्री काठोकाठ भरलेली कूलरची टाकी सकाळी नळ यायच्या आत तळाला गेलेली असते. गच्चीवर पाखरांसाठी ठेवलेलं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालून घ्या, अशी आठवण करणारा माणूस एप्रिल संपता संपता न चुकता फोन करतो. पारा ४५ च्या पुढे गेला की आम्ही नागपूरकर सगळ्याचा हिशेब वाफेत मांडतो. त्यामुळे बॉनेटखालच्या पांढुरक्या डबीतलं ब्रेक ऑइल खालच्या रेघेला टेकलेलं पाहून माझे सासरे अगदी निवांत म्हणाले, "उडालं असंल. ऊन काय कमी आहे का? थोडं घालून टाक."

बाबांचं हे मत काही एकट्याचं नाही. शेजारच्या काकूंच्या मुलाने हेच सांगितलं, आणि कोपऱ्यावर टायर पंक्चर काढणाऱ्यानेही. बाटली आणा, झाकण उघडा, वरच्या रेघेपर्यंत भरा, झालं.

मुळात ती डबी उघडून पाहायची वेळ आली ती एका दिव्यामुळे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा, हँडब्रेक ओढला की लागतो तो. हँडब्रेक पूर्ण खाली असतानाही लॉ कॉलेज चौकातून वळताना तो क्षणभर लुकलुकायचा आणि गाडी सरळ झाली की विझायचा. सिग्नलला जरा जोरात ब्रेक मारला की पुन्हा लुकलुक. असा दिवा दिसला की लोक वायरिंगवाल्याकडे जातात, कारण येणंजाणं करणारा दिवा म्हटला की आपल्याला लूज कनेक्शनच सुचतं. पण बऱ्याच गाड्यांत हा एकच दिवा दोन कामं करतो. हँडब्रेक ओढलेला आहे हे सांगतो आणि ब्रेक ऑइल कमी झालंय हेही सांगतो. डबीत एक छोटा फ्लोट तरंगत असतो. पातळी ठरावीक रेषेखाली गेली की फ्लोटसोबत आतला स्विच जुळतो आणि दिवा लागतो. पातळी अगदी काठावर असेल तर वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, फ्लोट क्षणभर बुडतो आणि दिवा डोळा मारून जातो. म्हणजे वळताना लुकलुकणारा दिवा हा ‘आता थोडंच उरलंय’ एवढा नेमका निरोप असतो. तो कायमचा लागेपर्यंत थांबायची गरज नसते.

गाडी २००३ सालची. छोटी, पांढरी, नंबर एमएच-३१ ने सुरू होणारा. कोणती ते सांगत नाही. तुमच्याही घरात कधीतरी होतीच. पंधरा वर्षं झाली तेव्हा बाबांनी तिची आरसी पाच वर्षांनी वाढवून आणली, त्यानंतर पुन्हा एकदा. भंगारात काढण्याचा विषय घरात कुणी काढत नाही. बाबा आता स्वतः चालवत नाहीत, शेजारी बसून चालवतात. चालवणारी मी.

ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते, या एका वाक्यात सगळं आलं, पण ते वाक्य नीट पचायला वेळ लागतो. पेट्रोल जळतं. इंजिन ऑइलही जुन्या इंजिनात थोडं थोडं जळतं. काच धुवायचं पाणी काचेवर जातं. ब्रेक ऑइल मात्र कशात खर्च होत नाही. पायाने पॅडल दाबलं की त्याला जोडलेल्या मास्टर सिलेंडरमधला दट्ट्या ते पुढे ढकलतो, नळीभर तोच दाब पोचतो, चाकापाशी दुसरे दट्टे बाहेर सरकतात, पुढच्या चाकांत पॅड फिरत्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, आणि मागच्या चाकांत लायनर डब्यासारख्या ड्रमच्या आतल्या अंगावर दाबले जातात. पाय काढला की ऑइल परत मागे. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम आपण शाळेत घोकलेला आहे. तो मोटारीच्या चारही चाकांना लावून १९२१ साली अमेरिकेतल्या ड्युसेनबर्गने पहिली विक्रीची गाडी काढली. शंभर वर्षांत तत्त्वात काही बदल नाही. तेव्हा डबीतली पातळी खाली गेली तर खरा प्रश्न किती घालायचं हा नसतो, गेलं कुठे हा असतो.

आणि याची उत्तरं दोनच आहेत. एक निरुपद्रवी, एक जीवघेणं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून तर निदान म्हणायचं.

निरुपद्रवी उत्तर म्हणजे पॅडची झीज. पुढच्या डिस्कचे पॅड झिजत जातात तसा कॅलिपरमधला (पॅड धरून ठेवणाऱ्या भागातला) पिस्टन दर वेळी किंचित पुढे येऊन थांबतो, आणि त्याच्या मागे मोकळ्या झालेल्या जागेत ऑइल जाऊन बसतं. ऑइल गाडीतच असतं, फक्त डबीतून चाकापाशी राहायला गेलेलं असतं. हे किती असावं, याचा मी एकदा कागदावर हिशेब मांडला. पिस्टनचा व्यास साडेचार सेंटिमीटर धरला, एका चाकाचे दोन्ही पॅड मिळून बारा मिलिमीटर झिजले असं धरलं, तर एका चाकामागे १९ मिलिलिटर. दोन चाकांचे ३८. म्हणजे पॅडचं अख्खं आयुष्य संपेपर्यंत अडीच चमचे मोठे, आणि तेही कित्येक हजार किलोमीटरांत पसरलेले. पातळी अशी हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत उतरली असेल तर ती पॅड तपासा असं सांगत असते. तेव्हा वरून भरलं की निरोपच पुसला जातो. शिवाय पुढे नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबले की वाढीव ऑइल डबीतून उतू जातं आणि फेंडरच्या रंगावर सांडतं. ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब पडला तर कापडाने घासायचं नाही, आधी भरपूर पाणी ओतायचं.

दुसरं उत्तर गळतीचं. गळतीचं गणित या हिशेबात बसत नाही, ती फार लवकर पुढे निघून जाते.

आता उन्हाकडे. उन्हाने ब्रेक ऑइल उडत नाही, हे तर खरंच. ब्रेक ऑइलचे प्रकार ‘डॉट’च्या आकड्यांनी ओळखतात. डॉट ३ प्रकारचं ताजं ऑइल उकळायला किमान २०५ अंश लागतात, डॉट ४ ला २३०. नागपूरचं ऊन कितीही नावाजलेलं असलं तरी तेवढं नाही. पण गंमत त्याच्याही पुढे आहे. सारं गाव वाळत असताना हे ऑइल उलटं वागतं, पाणी पितं. ते ग्लायकॉल ईथरचं बनलेलं असतं आणि हवेतली ओल शोषून घेणं हा त्याचा स्वभावच. झाकणाच्या बारीक छिद्रातून, रबरी होजच्या अंगातून, उघड्या राहिलेल्या बाटलीच्या तोंडातून पाणी आत शिरत राहतं. मेच्या दुपारी आपल्या हवेत ओल नावालाच असते, पण जुलै-ऑगस्टात भिंती घामेजतात तेव्हा त्याची चंगळ होते. साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की डॉट ३ चा उत्कलनबिंदू १४० वर आणि डॉट ४ चा १५५ वर आलेला चालतो असं मानकच धरून चालतं. सपाट नागपुरात ते कळत नाही. सेमिनरी हिल्सचा उतार काही घाट नव्हे. चिखलदऱ्याहून उतरताना मात्र दर वळणावर ब्रेक दाबत आलात, पुढची चाकं तापली आणि त्या पाण्याची वाफ झाली, तर वाफ दबते, पॅडल खाली जातं आणि गाडी तशीच पुढे जाते. म्हणून पातळी अगदी बरोबर असतानाही साधारण दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला, असं सांगतात. फार थोडे बदलतात. आम्हीही ‘थोडं घालणाऱ्यां’तलेच निघालो, हे मला बाबांच्या फाइलवरून कळलं.

बाबा पोस्टातून निवृत्त झाले. गाडीची प्रत्येक पावती त्यांनी पंच करून, तारखेवार लावून ठेवली आहे. डबीत काही घालण्याआधी मी ती फाइल काढली, कारण पातळी किती वेगाने उतरते हे आज डबीकडे पाहून कळत नाही, त्याला जुनी नोंद लागते. ती नोंद तिथे होती. गेल्या काही सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलात खालच्या बाजूला एक ओळ: ‘ब्रेक ऑइल टॉप-अप’. रक्कम किरकोळ, म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. त्याआधीच्या बिलांत ती ओळ कुठेच नाही. पॅड बदलल्याची नोंदही नाही. म्हणजे कधीतरी काहीतरी सुरू झालं होतं, आणि दर सर्व्हिसिंगला कुणीतरी इमानेइतबारे डबी भरून ते झाकत होतं. गॅरेज कोणतं होतं ते महत्त्वाचं नाही. सगळीकडे हेच चालतं. गिऱ्हाइकाला भरलेली डबी आवडते, मग पोट्टा भरून देतो. माझ्या मते टॉप-अपची ओळ बिलावर दिसली की तिथेच "काहून कमी झालं होतं?" असं विचारायला हवं.

बाबांनी चष्मा लावून त्या ओळी स्वतः वाचल्या. "म्हणजे दर खेपेला उन्हाळा नव्हता," एवढंच म्हणाले. एक बिल डिसेंबरचं होतं.

घरी जेवढं पाहता येतं तेवढं पाहिलं. हात घालण्याजोगं फारसं नसतं, पण डोळ्यांना आणि पायाला बरंच कळतं. डबीच्या झाकणाभोवतीची धूळ आधी पुसायची, नाहीतर झाकण उघडताच ती आत पडते. पातळीवर पेनाने खूण केली आणि गाडी रात्रभर सपाट जागी, खाली जुने पेपर पसरून उभी ठेवली. सकाळी पेपरवर एक डाग होता, पण तो इंजिनाखालचा, काळा, जुन्या ओळखीचा. ब्रेक ऑइलचा डाग फिकट पिवळट असतो, बोटाला बुळबुळीत लागतो आणि पाण्याने सहज धुतला जातो. तसलं काही नव्हतं.

मग पॅडल. इंजिन बंद ठेवून चार-पाचदा दाबलं, म्हणजे बूस्टरमधली, पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातली, निर्वात पोकळी संपते. मग एकसारखा दाब देऊन पाय तसाच धरून ठेवला. पॅडल हळूहळू जमिनीकडे सरकत गेलं असतं, तर मास्टर सिलेंडरची आतली वॉशरं, म्हणजे ऑइल अडवणारी रबरं, गेली असं समजायचं. अशा वेळी डबी भरलेली असते, बाहेर थेंब नसतो आणि ब्रेक मात्र लागत नाही. आमचं सरकलं नाही. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केल्यावर ते किंचित खाली गेलं, म्हणजे बूस्टर शाबूत. पण पहिल्या दाबाला पॅडल पोकळ लागायचं आणि लागोपाठ दुसऱ्या दाबाला वर यायचं. आत हवा असावी, किंवा मागच्या ब्रेकची ॲडजस्टमेंट सुटली असावी. पॅडलच्या वर हात घालून मास्टर सिलेंडरचा दांडा चाचपला, कोरडा. याच सिलेंडरचं मागचं सील गेलं तर ऑइल बूस्टरमध्ये उतरतं, बाहेर कुठेच दिसत नाही आणि इंजिनने ओढून घेतलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. तोही नव्हता. हँडब्रेक मात्र पूर्वीपेक्षा एक-दोन खटके जास्त ओढावा लागत होता. हँडब्रेक केबलवर चालतो, ऑइलशी त्याचा संबंध नाही, म्हणून ही गोष्ट मी सुरुवातीला बाजूला ठेवली होती. पण तो आवळतो मागचेच लायनर. लायनर ओले असतील तर केबल बिचारी काय करणार?

मागच्या डाव्या चाकाशी उकिडवं बसून टायरच्या आतल्या बाजूवर टॉर्च मारला, तेव्हा ते दिसलं. आमच्याकडे सिमेंटच्या रस्त्यांची बारीक पांढरी धूळ चाकांवर सारखी बसते. बाकी तिन्ही चाकांवर ती कोरडी होती, बोट लावलं की उडणारी. या चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या पाठीमागून खाली, काळपट ओलसर पट्टा होता आणि त्यावर धूळ चिकटून तिचा लेप झाला होता. पेपरवर थेंब पडला नाही, कारण थेंब खाली यायच्या आधी धूळ तो पिऊन टाकत होती.

गॅरेज घरापासून जवळच, महालातल्या एका गल्लीत. मिस्त्री बाबांच्या ओळखीचे. तेवढं अंतरही मी दुसऱ्या गिअरमध्ये, रहदारी सुरू व्हायच्या आत काटलं. पॅडल थेट जमिनीला टेकत असतं तर त्यांनाच घरी बोलावलं असतं. डबीत दोन कप्पे असतात आणि ब्रेकच्या दोन वेगळ्या फेऱ्या, म्हणजे एकीकडचं सगळं ऑइल गेलं तरी निम्मी चाकं धरतात. पण निम्म्या ब्रेकवर गाडी थांबायला लागणारं अंतर बडकस चौकातल्या सायकलवाल्याला माहीत नसतं.

बाबांनी जाताच सांगितलं, "आमची सून म्हणते, ऊन नाही हे."

मिस्त्रींनी डबीकडे पाहिलंसुद्धा नाही. "बंद झाकणातून काय उडन काका? कुठूनतरी जाऊनच राह्यलं असन." मग माझ्याकडे वळून, "कोणतं चाक ताई?"

ड्रम सहजी निघत नाही. आतला गंज त्याला धरून ठेवतो, कडेने फिरत फिरत हातोड्याचे ठोके द्यावे लागतात. निघाल्यावर पोराने सवयीने फुंकर मारायला तोंड पुढे केलं तसे मिस्त्री खेकसले. जुन्या लायनरांत ॲसबेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत जाते. फुंकर नाही, हवेचं प्रेशर नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. मग त्यांनी व्हील सिलेंडरच्या, म्हणजे चाकातले लायनर ढकलणाऱ्या छोट्या सिलेंडरच्या, टोकावरची रबरी टोपी बारीक पेचकसाने अलगद उचलली. दोन क्षण काही झालं नाही. मग टोपीच्या काठाखालून तपकिरी, दाट थेंब फुगून वर आला आणि लायनरच्या धातूच्या पाठीवरून खाली घसरला. दुसऱ्या बाजूची टोपी उचलली, तिथे फक्त ओल. सिलेंडरमध्ये दोन दट्टे असतात. एकाच्या वॉशरने दगा दिला होता. खालचा लायनर अर्ध्यापर्यंत काळा आणि चकचकीत.

"किट टाकून द्या," बाबा म्हणाले. किट म्हणजे फक्त रबरं. मिस्त्रींनी सिलेंडर उघडून आत बोट फिरवलं आणि मग माझंही बोट धरून फिरवायला लावलं. आत खरखर होती. ऑइलमध्ये मुरलेलं पाणी आतून धातू खातं, त्या खड्ड्यांवर नवं रबर घासून चार महिन्यांत पुन्हा तेच. सिलेंडर नवाच, आणि दोन्ही बाजूंचे, कारण उजवाही त्याच वयाचा. बाबांनी त्यावर मान हलवली. लायनरवर मात्र अडले. घासलेटने धुऊन, पॉलिश पेपर मारून पुन्हा लावायचे, ही पद्धत त्यांच्या स्कूटरच्या काळातली. या बाबतीत मी हटले नाही. लायनर ऑइल आत पिऊन बसतो. वरून कोरडा दिसला तरी तापला की पुन्हा पाझरतो, आणि मग मागचं एक चाक धरतं, दुसरं धरत नाही. ओल्या रस्त्यावर ते चाक गाडी फिरवून टाकतं. पुढचे पॅड पाहिले, निम्मे शिल्लक होते. ते तसेच ठेवले.

सिलेंडर बदलताना नळ्यांत शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. पॅडलवर मी, चाकापाशी मिस्त्री. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. हवा सोडायच्या निप्पलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलेलं. "मारा, मारा, मारा... धरून ठेवा." ते निप्पल सैल करतात, पॅडल पायाखालून खाली जातं, नळीतून फुरफुरत बुडबुडे जातात, ते निप्पल आवळतात. "सोडा." निप्पल उघडं असताना पाय उचलला तर गेलेली हवा परत आत येते. त्यामुळे माणूस दिसत नसला तरी त्याचा आवाज नीट ऐकावा लागतो. मध्ये मध्ये पोरगा डबीत भर घालत होता, कारण ती रिकामी झाली तर वरूनच हवा शिरते. सुरुवातीला नळीतून आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. एकेक चाक करत पुढच्या उजव्यापर्यंत आलो तोवर फिकट सोनेरी येऊ लागलं. शेवटच्या दाबाला पॅडल वरच्या वरच घट्ट थांबलं.

भरायचं कोणतं, तर डबीच्या झाकणावर जे छापलंय ते. आमच्या झाकणावर डॉट ३ आहे. डॉट ४ घातलं तरी चालतं, दोन्ही एकाच घराण्यातले. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र यात मिसळायचं नाही. आणि इंजिन ऑइलचा किंवा कुठल्याही खनिज तेलाचा थेंबही नको, सगळी रबरं फुगून यंत्रणाच बदलायला लावतो.

बिल झालं. बाबांनी त्यावर ‘चारही चाके, पूर्ण ऑइल बदलले’ असं मिस्त्रींकडून मुद्दाम लिहून घेतलं आणि तारखेखाली सही घेतली. मग टेबलावरची बाटली उचलून उजेडात धरली. निम्मी उरली होती.

"ही घरी नेतो. कधी लागली तर."

"नका नेऊ काका. तोंड उघडलं तिचं. पावसाळाभर पाणी पिऊन बसन, मग तेच गाडीत घालान." मिस्त्रींनी झाकण आवळून बाटली स्वतःकडे ओढली. "आज संध्याकाळी एक गाडी आहे, तिच्यात जाईन."

बाबांनी क्षणभर विचार केला. पाकीट खिशात परत ठेवलं आणि बिल पुढे सरकवलं. "मग निम्म्या बाटलीचे पैसे यातून कमी करा."

त्यांनी केले.